अहवालात न लिहिलेली वेळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि स्टाफरूममध्ये तर मुळीच नाही — तिथे बोललेली गोष्ट चहा संपायच्या आत तिसऱ्या मजल्यावर पोचते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण — मागच्या महिन्यात कॉलेजने माझा सत्कार केला. इंटर्नशिपचं काम दहा वर्षं सांभाळलं म्हणून. शाल, श्रीफळ, आणि भाषणात माझ्या काटेकोरपणाचं कौतुक. ती शाल घडी न मोडता कपाटात ठेवलीय. कपाट उघडलं की ती दिसते, आणि मला एक बंद शटर आठवतं.

पण ते नंतर. असं एकदम सांगता येत नाही हो.

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. शिवाय मुलांच्या इंटर्नशिप माझ्याकडे. तिसरं वर्ष संपलं की मुलांनी उन्हाळ्यात सहा आठवडे कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं, तिथून प्रमाणपत्र आणायचं, अहवाल लिहायचा, की मग त्याचे गुण मिळतात. दरवर्षी मार्चमध्ये मी सभागृहात उभी राहते आणि इंटर्नशिपचं महत्त्व सांगते. वर्गाबाहेरचं शिक्षण, हाताला वळण, माणसांची पारख. वीस मिनिटांचं भाषण आहे, आता पाठ झालंय. आणि खरं सांगू? ते संपवून पायऱ्या उतरताना माझ्या मनात दरवर्षी एकच विचार यायचा — आता यातले निम्मे मला फसवणार.

कारण फसवतात. घरबसल्या तीन व्हिडिओ बघायचे, की सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र छापून मिळतं. मामाच्या कंपनीत नाव लावायचं आणि सहा आठवडे गोव्याला नाहीतर गादीवर काढायचे. एका वर्षी एका गोड बोलणाऱ्या मुलाने वाकडच्या एका कंपनीचं असं झकास प्रमाणपत्र आणलं, की मी ते नमुना म्हणून वर्गात दाखवलं. पुढे कळलं, त्या पत्त्यावर ब्यूटी पार्लर आहे. स्टाफरूममध्ये वर्षभर मला विचारत होते, 'मॅडम, आमच्या हिला फेशियलची इंटर्नशिप मिळेल का?' पुण्यात कुणी अंगावर धावून येत नाही, फक्त असं विचारतात.

त्यानंतर मी बदलले. प्रत्येक कागद उजेडात धरून बघायला लागले. स्तुती जास्त असली, की संशय. इंग्रजी फार शुद्ध असलं, की संशय. शिक्का फार नीट उमटला असला, तरी संशय. एकेका कंपनीत फोन लावून मी मुलांची उंची न् चष्म्याचा रंग विचारायचे. पकडलीही बरीच. मुलं मला पाठीमागे 'एक्स-रे मॅडम' म्हणायला लागली आणि ते कानावर आलं तेव्हा मी रागावल्याचं नाटक केलं. खरं तर मला ते नाव आवडलं होतं. ब्यूटी पार्लरपेक्षा कितीतरी बरं होतं ना?

चार वर्षांपूर्वी प्रणालीचा कागद माझ्या टेबलावर आला. तिचं खरं नाव हे नाही, मी बदललंय. वाशीमकडची मुलगी. आई अंगणवाडीत. ही इथे स्वारगेटजवळ दोघींबरोबर एका खोलीत राहायची. वर्गात मधल्या बाकावर, बोलणं कमी, बोलली तर 'मी गेली होती', 'मी करून राहिली' असं. माझे कान पेठेत तयार झालेले. ते 'गेली होती' ऐकलं, की माझ्या कपाळावर बारीक आठी यायची. ती आठीसुद्धा या गोष्टीत धरा. मी ती वगळली तर कबुली अर्धीच राहील.

तिने इंटर्नशिप केली होती बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात. रक्तदाब मोजायची यंत्रं, वाफ द्यायची यंत्रं, कानात घालायची ऐकू येण्याची यंत्रं — दवाखान्यातली आणि घरातली असली लहानसहान यंत्रं तिथे दुरुस्त होतात. प्रमाणपत्र म्हणजे दुकानाच्या लेटरहेडवर निळ्या पेनाने लिहिलेल्या चार ओळी. 'मुलीने सहा आठवडे काम केले. काम चांगले शिकली. घाई करत नाही.' शिक्का तिरका. दुकान इंटरनेटच्या नकाशावर नव्हतंच. मी तो कागद विभागप्रमुखांसमोर धरला आणि म्हटलं, 'बघा, आता तर दुकानदाराकडून चिठ्ठी आणायला लागली मुलं. हे शंभर टक्के बोगस.' तिथे आणखी दोघे बसले होते. ते हसले. मलाही बरं वाटलं.

इथेच माझं मत पक्कं झालं, असं आता वाटतं. चारचौघांत बोलून गेले होते ना.

अहवाल मी नंतर वाचला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत होता. त्यात तिने लिहिलं होतं, की पहिले आठ दिवस मला कशालाच हात लावू दिला नाही, मी नुसते स्क्रू वेगळे करत बसले. नवव्या दिवशी कळलं की स्क्रू का वेगळे करायचे. मला ते वाचून काय वाटावं? 'असं कुणी लिहितं का?' मुलं लिहितात, मी अमुक यंत्रणा विकसित केली, तमुक संघाचं नेतृत्व केलं. आठ दिवस स्क्रू निवडले, हे कोण सांगेल? इतका खरेपणा मला कावेबाजपणा वाटला. संशयाला एकदा घरात घेतलं की तो असा पाय पसरून बसतो.

त्या अहवालात आणखी एक ओळ होती. कामाची वेळ: सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते आठ. ही ओळ लक्षात ठेवा. मीही ठेवली होती.

तिला घाई होती. शेवटच्या सहामाहीत काही मुलांना मोठ्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते आणि पुढे बहुतेकांना तिथेच नोकरी लागते. वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने आमच्या वर्गातून एकच जण निवडला होता. ती प्रणाली. मुलाखतीत म्हणे तिने समोर ठेवलेलं बिघडलेलं यंत्र उघडून दाखवलं होतं. पण उन्हाळ्यातली इंटर्नशिप कॉलेजने मान्य केल्याशिवाय ती जागा तिला घेता येणार नव्हती. म्हणजे सगळं माझ्या सहीवर होतं. तिने तीनदा येऊन विचारलं, 'मॅडम, तुम्ही दुकानात कधी जाणार?' तिसऱ्यांदा मी म्हटलं, 'तुला एवढी काळजी का?' ती गप्प झाली. तेही मी तिच्या विरुद्धच मोजलं.

मग मी गेले. स्कूटर लांब लावली, त्या गर्दीत चालत गेले, दुकान शोधलं. शटर बंद होतं. फोटो काढला. दुसऱ्या दिवशी 'प्रत्यक्ष भेट अहवाल' या छापील फॉर्मवर लिहिलं — 'भेटीच्या वेळी आस्थापना बंद आढळली. सदर ठिकाणी तांत्रिक प्रशिक्षण दिले जात असल्याचे दिसून आले नाही.' खाली तारीख, सही. समिती दहा दिवसांनी बसणार होती.

यात एक शब्द तरी खोटा आहे का? नाही. शटर बंद होतं, मी बंद लिहिलं. बंद दुकानात प्रशिक्षण दिसणार कसं? गेली चार वर्षं मी स्वतःला हे वाक्य इतक्यांदा वाचून दाखवलंय, की त्यातला एक स्वल्पविरामही मला चुकीचा सापडत नाही.

फक्त त्या फॉर्मवर भेटीच्या वेळेचा रकाना नव्हता.

तुमच्या लक्षात आलंच असेल. पुण्याचे असाल तर केव्हाच आलं असेल. मी दुपारी गेले होते. भर दुपारी, जेव्हा त्या अख्ख्या गल्लीत एक शटर उघडं नसतं. शेजारच्या दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, 'चारनंतर या.' मी मान डोलावली. चारनंतर गेले नाही.

आता तुम्ही म्हणाल, घाईत राहून गेलं असेल, कामाच्या व्यापात वेळेकडे लक्ष नसेल. म्हणू नका. मी कुणाची मुलगी आहे ते सांगते. माझ्या वडिलांचं रविवार पेठेत बटणं, दोरे आणि अस्तराचं दुकान होतं. दुपारी जेवण, मग डुलकी, चारला चहा, मग शटर वर. सातवीत असताना माझं अक्षर चांगलं म्हणून वडिलांनी मलाच पाटी लिहायला लावली. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने मी लिहिलं होतं — 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील. कडी वाजवल्यास बटण मिळणार नाही.' दुसरं वाक्य माझं स्वतःचं. वडील इतके खूश झाले की आल्यागेल्याला दाखवायचे. ती पाटी लिहिणारी बाई दुपारी पेठेत जाते आणि दुकान बंद 'आढळलं' म्हणते!

आणि अजून आहे. एरवी मी भेटीचे फोटो त्या अॅपवर काढते, ज्यात तारीख, वेळ, ठिकाण सगळं फोटोवरच छापून येतं. नियमच आहे आमचा, मीच केलेला. त्या दिवशी मी साध्या कॅमेऱ्यावर काढला. चुकून? बोट आधी त्या अॅपवर गेलं होतं. मग मी ते उचललं.

बनावट अहवाल लिहिणारा 'नऊ ते पाच' लिहितो. 'दहा ते एक, चार ते आठ' हे फक्त तिथे खरोखर उभं राहिलेलं माणूस लिहितं. एवढं मला कळत होतं. माझ्यातला एक्स-रे तेवढा चालत होता. मी स्कूटरला किल्ली लावली तेव्हाच कुठेतरी मला माहीत होतं, की मुलगी खरी आहे. आणि मला ते बघायचं नव्हतं.

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. चूक म्हणून खपलं असतं. पण अहवाल दिल्यावर पाच-सहा दिवसांनी प्रयोगशाळेसाठी काही सुटे भाग घ्यायला मी पुन्हा बुधवार पेठेत गेले. संध्याकाळचे साडेपाच. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, आणि ते दुकान लखलखीत उघडं. मी आत शिरले. का शिरले? खात्री करायला — की ते बोगसच आहे.

भिंतभर छोटे ड्रॉवर होते. प्रत्येकावर चिकटवलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ते अक्षर. तीन वर्षं मी त्या अक्षरातल्या उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. एका चिठ्ठीवर मराठीत लिहिलं होतं, 'बीपी मशीनचे लहान स्क्रू. दुसऱ्यात मिसळू नये.' मालक साठीचे, कपाळावर भिंग ढकललेलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. मी चिठ्ठ्यांकडे बघतेय हे बघून आपणहून म्हणाले, 'ती पोरगी होती तोवर सगळं जागेवर होतं. आता परत आमचा कारभार.'

मी विचारलं, कोण पोरगी? हे मी विचारलं — मी!

'कॉलेजची होती एक. वाशीमची. उन्हाळाभर आली. दुपारी खोलीवर जाऊन परत यायचं तर बसचे पैसे दुप्पट पडायचे, म्हणून तिसऱ्या आठवड्यात किल्लीच दिली तिला. मी माझ्या जावयाला दिली नाहीये अजून.' मग ते भिंग पुसत म्हणाले, 'कॉलेजचं कुणीतरी चौकशीला येणार म्हणून बिचारी रोज फोन करते, अण्णा, कुणी आलं का? कुणी येत नाही. शेजारचे म्हणाले, मागच्या आठवड्यात भर दुपारी एक बाई शटरचा फोटो काढून गेल्या. मी म्हटलं, ती कॉलेजची नसणार. शिकलेली माणसं दुपारी कशाला येतील पेठेत? आपण कुठून आलात?'

'येरवड्याहून,' मी म्हटलं. राहते शेजारच्याच सदाशिव पेठेत. 'आईचं वाफेचं यंत्र बिघडलंय, दुरुस्त होतं का एवढंच विचारायचं होतं.'

'घेऊन या. चारनंतर या.'

मी बाहेर आले. समिती बसायला चार दिवस होते. एक फॉर्म नव्याने भरायचा होता, बस. 'पुनर्भेट दिली, प्रशिक्षण झाल्याची खात्री पटली.' दहा मिनिटांचं काम. पण मग विभागप्रमुखांनी विचारलं असतं, पहिल्यांदा बंद कसं होतं? किती वाजता गेला होतात? आणि स्टाफरूममध्ये पुन्हा सुरू झालं असतं, 'मॅडम, आज दुपारी पेठेत खरेदीला येता का?' एवढंच होतं. याहून मोठं भय नव्हतं मला. नोकरी जाणार नव्हती, कुणी ओरडणार नव्हतं. चार माणसं हसली असती. तेवढ्यासाठी मी ते चार दिवस जाऊ दिले. त्या दिवसांत मी वर्गात तिच्या बाकाकडे एकदाही बघितलं नाही.

समितीने दोन मिनिटांत निर्णय दिला. इंटर्नशिप अमान्य, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करावी. मी जोडलेल्या फोटोत शटरवर भर दुपारचं ऊन दिसत होतं. तिघांपैकी कुणी फोटोकडे बघितलंच नाही. एक्स-रे मॅडमनी बघितलंय म्हटल्यावर कोण कशाला बघेल? कंपनीतली जागा वर्गातल्या दुसऱ्या मुलाला गेली. त्याची उन्हाळी इंटर्नशिप त्याच्या काकांच्या कंपनीत झाली होती. कागद जाड होता, इंग्रजी सुरेख होतं, आणि त्या काकांची नि आमच्या विभागप्रमुखांची चांगली ओळख होती. तिथे मी प्रत्यक्ष भेट दिली नव्हती. फोनसुद्धा केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रणाली माझ्या केबिनमध्ये आली. रडली नाही. तिने तो अहवाल बघायला मागितला, तिचा हक्कच होता तो. उभ्यानेच वाचला. फोटो नीट बघितला. तीन समिती-सदस्यांनी जे केलं नव्हतं ते तिने केलं. मग म्हणाली, 'मॅडम, तुम्ही किती वाजता गेल्या होत्या?'

ती मला पकडत नव्हती हो. तिला वाटत होतं, काहीतरी घोटाळा झालाय आणि वेळ कळली की मॅडमच तो सोडवतील. तिच्या चेहऱ्यावर अजून विश्वास होता. तेच मला सहन झालं नाही. मी चष्मा काढला, पुसला, आणि पेठेत जन्मलेल्या माणसाला जन्मजात येतो त्या आवाजात म्हटलं, 'अहवालात वेळ लिहावी लागत नाही.'

ती माझ्याकडे बघत राहिली. फार नाही, क्षणभर. तेवढ्यात तिला सगळं कळलं. मी बघितलं तिला कळताना. मग 'बरं मॅडम' म्हणाली, कागद टेबलावर सरळ करून ठेवला आणि गेली.

तिचं वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात तिने मी सुचवलेल्या एका कंपनीत सहा आठवडे काढले. काचेची इमारत, जाड प्रमाणपत्र. तिथे तिला एका जुन्या यादीतले आकडे दुसऱ्या यादीत भरायला बसवलं होतं, हे तिच्या अहवालातच होतं. तो अहवाल अर्ध्या पानाचा होता. मी मंजूर केला. पदवी घेऊन ती गेली, कुठे ते मला माहीत नाही. शोधलं नाही. सापडेल अशी भीती वाटते.

दहा वर्षांत माझ्या हातून हजारभर अहवाल गेले असतील. त्यांतली एक मुलगी खरोखर काही शिकल्याचं मला अजून आठवतं — घाई न करणं, आणि लहान स्क्रू दुसऱ्यात न मिसळणं. मार्चमधल्या भाषणात मी अजून हाताला वळण वगैरे सांगते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते ड्रॉवर असतात. मुलांना वाटतं मॅडम मनापासून बोलतायत.

त्या घटनेनंतरच्या वर्षी मी भेटीच्या फॉर्ममध्ये एक नवा रकाना घातला: भेटीची वेळ. सगळ्या विभागांनी तो उचलला. सत्काराच्या भाषणात त्याचा खास उल्लेख झाला, टाळ्याही पडल्या. मी उठून नमस्कार केला.

प्रणालीचा फॉर्म जुना आहे. त्यावर तो रकाना नाही, आणि फाइल केव्हाच बंद झालीय. म्हणून इथे लिहिते.

भेटीची वेळ: दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.